गालिच्यात राहिलेला साबण कसा काढावा

दिवाणखान्यातील गालिच्यावर चहा सांडतो, तो लगेच फडक्याने टिपला जातो, थोडी धुण्याची पावडर पाण्यात कालवून त्या जागी चोळली जाते आणि डाग जातोही. तरीही काही आठवड्यांनी नेमक्या त्याच ठिकाणी ताटाएवढे मळकट वर्तुळ दिसू लागते. डाग परत आला असे समजून पुन्हा पावडर चोळली जाते आणि प्रत्येक वेळी ते वर्तुळ थोडे मोठे होत जाते. बहुतेक वेळा तो चहाचा डाग नसतोच. चहा काढण्यासाठी वापरलेले डिटर्जंट गालिच्याच्या लवेत, म्हणजे वरच्या उभ्या धाग्यांत, तसेच राहिलेले असते आणि येता-जाता पायांबरोबर येणारी धूळ व तळपायांचा तेलकटपणा ते धरून ठेवते. अशा जागेला आणखी साबण लावला तर दुखणे वाढते.

कपडे धुतल्यावर आपण ते खळबळतो, दोन-तीन पाण्यांतून काढतो, पिळतो आणि मगच वाळत घालतो. गालिच्याच्या बाबतीत साबण लावण्याचे काम तेवढे होते आणि खळबळणे व पिळणे राहून जाते, कारण तो नळाखाली धरता येत नाही. गालिच्यातून साबण काढायचा म्हणजे हीच दोन राहिलेली कामे जागच्या जागी, थोड्या थोड्या पाण्याने करायची. त्यातही पिळण्याचे काम अधिक महत्त्वाचे आहे. घातलेले पाणी वर ओढून काढता आले नाही, तर ते विरघळलेला साबण घेऊन गालिच्याच्या तळाशी जाते, सुकताना पुन्हा लवेच्या टोकांपर्यंत चढते आणि साबण तिथे सोडून हवेत उडून जाते. वरून स्वच्छ दिसलेली जागा दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकट लागते ती यामुळेच.

साबण राहिला आहे हे कसे ओळखावे

गालिचा पूर्ण कोरडा असताना त्या जागेवरून आणि शेजारच्या न हाताळलेल्या जागेवरून बोटे फिरवून पाहावीत. लव ताठ, खरखरीत लागत असेल आणि बोटांनी चोळल्यावर पांढरट भुकटी सुटत असेल, तर पावडरीतील धुण्याचा सोडा आणि इतर क्षार सुकून बसले आहेत असे समजावे. लव एकमेकींना चिकटून तिचे लहान झुपके झाले असतील आणि बोटाला किंचित ओशट लागत असेल, तर डिटर्जंटचा खरा मळ काढणारा घटक मागे राहिला आहे. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढ घेते. पाणी उडून गेल्यावरही तेलाची ओढ संपत नाही, म्हणून तो धूळ गोळा करत राहतो. पावडर वापरली असेल तर बहुधा दोन्ही प्रकार एकत्र सापडतात.

याहून पक्की परीक्षा पाण्याने करता येते. पांढरे सुती फडके स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळावे, त्या जागेवर अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग काचेच्या लहान बाटलीत थोडे पाणी घेऊन त्यात ते खळबळावे. बाटलीला झाकण लावून हलवल्यावर वर आलेला फेस मिनिटभर टिकला, तर साबण आहे. दुसरी परीक्षा आपल्या स्वयंपाकघरातली आहे. रस्स्याचा डाग साबण लावताच लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. हळद सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात आली की पिवळ्याची तांबडी होते. फडक्यातून पिळलेले पाणी पांढऱ्या बशीत घेऊन त्यात चिमूटभर हळद टाकावी. रंग तांबूस झाला तर सोडा अजून निघालेला नाही. ही परीक्षा बशीतच करावी, हळद गालिच्याच्या आसपासही आणू नये. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारे सौम्य द्रव डिटर्जंट वापरले असेल, तर त्यात सोडा नसल्याने हळद पिवळीच राहील. तेव्हा फेसाच्या परीक्षेवरच विसंबावे.

नोटा तपासण्याचा अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च घरात असेल, तर अंधारात तो गालिच्यावर धरून पाहण्यासारखा आहे. धुण्याच्या अनेक पावडरींत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून घातलेली द्रव्ये असतात आणि ती या प्रकाशात निळसर चमकतात. पावडरीचे पाणी डागाच्या बाहेर कुठवर पसरले होते, हे त्या चमकेवरून अगदी स्पष्ट दिसते आणि ते क्षेत्र मूळ डागापेक्षा बरेच मोठे निघते. मात्र ही द्रव्ये धाग्याला घट्ट धरून बसतात, त्यामुळे साबण पूर्ण निघाल्यावरही थोडी चमक राहू शकते. टॉर्चचा उपयोग हद्द ठरवण्यासाठी करावा, काम संपले की नाही हे ठरवण्यासाठी करू नये.

आधी गालिचा ओळखावा

गालिच्याचा कोपरा उलटून पाहिल्याशिवाय पाण्याला हात लावू नये. मागच्या बाजूला नक्षी जशीच्या तशी, बारीक गाठींच्या रूपात दिसत असेल, तर तो हाताने गाठी मारून विणलेला गालिचा आहे. काश्मीरचे आणि भदोही-मिर्झापूरकडचे चांगले गालिचे असे असतात. त्यांपैकी लोकरीच्या लवेच्या गालिच्यांचा पाया बहुधा सुती असतो, आणि बेताने वापरलेले पाणी त्यांना सोसते. मागे कापड डिंकासारख्या रबरी थराने चिकटवलेले असेल, तर तो टफ्टेड गालिचा आहे. त्यात पाणी मुरले तर हा थर सुटू लागतो, कुबट वास धरतो आणि मग तो वास सहसा जात नाही. म्हणून अशा गालिच्यावर पाणी आणखी कमी वापरावे. मागे तागाचे धागे दिसले तर सोडा आणि ओल यांच्या संयोगाने तागातला तपकिरी रंग वर चढतो, हे ध्यानात ठेवावे. मशीनवर विणलेले पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकच्या धाग्याचे, गालिचे सर्वांत सोशिक असतात.

रेशमी गालिचा आणि रेशमासारखा चमकणारा व्हिस्कोसचा गालिचा यांवर घरी काहीही करू नये. व्हिस्कोसचा धागा ओला झाला की कमकुवत होतो, दाबल्यावर चपटा होतो आणि सुकल्यावर त्याची चमक परत येत नाही. आर्ट सिल्क किंवा बांबू सिल्क या नावांनी विकले जाणारे बरेच गालिचे व्हिस्कोसचेच असतात, तेव्हा केवळ नावावर जाऊ नये.

रंगाची परीक्षाही आधीच करावी. कोपऱ्यात, सोफ्याखाली जाणाऱ्या भागात लाल किंवा गडद निळ्या रंगावर पांढरे ओले फडके दोन-तीन मिनिटे दाबून ठेवावे; व्हिनेगर वापरायचे असेल तर त्याच्या पाण्यानेही हीच परीक्षा करावी. फडक्यावर रंगाची छटा उतरली तर काम तिथेच थांबवून गालिचा धुणाऱ्या जाणकाराकडे द्यावा.

खळबळणे आणि टिपणे

पहिले काम कोरडेच करायचे असते आणि ते बहुतेक जण वगळतात. सुकलेला सोडा जितका कोरडा निघेल तितका पाण्यात कमी विरघळवावा लागतो. मऊ केसांच्या ब्रशने, कपड्यांच्या ब्रशनेही चालेल, लव दोन्ही दिशांनी हलकेच उलटावी आणि व्हॅक्यूम क्लीनर सावकाश फिरवावा. काथ्याचा किंवा तारेचा ब्रश वापरू नये. व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर गालिचा दोरीवर उलटा टाकून मागून हाताने थोपटला तरी पुष्कळ भुकटी पडते. टफ्टेड गालिचा मात्र काठीने झोडपू नये.

मग पाणी. ते कोमट असावे, हाताला जेमतेम उबदार लागेल इतकेच; कढत पाण्याने लोकर आटते आणि रंग सुटतो. पाणी कोणते आहे याचाही विचार करावा, कारण महाराष्ट्राच्या मोठ्या भागात बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते. डाग साबणाच्या वडीने काढला असेल, तर जड पाण्यातील चुन्याशी त्या साबणाचा संयोग होऊन न विरघळणारी चिकट साय तयार होते, आणि हीच साय बादलीच्या कडेला राखाडी रेघ म्हणून दिसते. डिटर्जंटच्या बाबतीत हा त्रास कमी असला तरी जड पाण्याचे क्षार मागे राहतातच. ताटाएवढ्या जागेला एकूण दोन-तीन लिटर पाणी पुरते, तेवढे पिण्याच्या आरओ यंत्राचे घ्यावे. त्या यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी काही घरांत फरशी पुसायला साठवतात. त्यात क्षार अधिक एकवटलेले असतात, म्हणून ते येथे अजिबात वापरू नये.

गालिच्याखाली जुना टॉवेल किंवा प्लॅस्टिक अंथरावे, म्हणजे फरशीचा किंवा लाकडाचा रंग वर येणार नाही. स्प्रेच्या बाटलीने पाणी मारावे, तांब्याने ओतू नये. साबण डागाच्या बाहेर पसरलेला असतो, म्हणून दिसणाऱ्या वर्तुळाच्या बाहेर चार बोटे जागा धरून तिथून सुरुवात करावी आणि मध्याकडे यावे. मध्यातून बाहेर गेल्यास साबणाची कडा पुढे ढकलली जाते आणि सुकल्यावर नवे कडे उमटते. एका फेरीला अर्धी वाटी पाणी ताटाएवढ्या जागेसाठी भरपूर होते. लव ओली व्हावी, तळ भिजू नये, हा त्यातला अंदाज आहे. पाणी मारल्यावर मिनिटभर थांबावे, बोटांच्या टोकांनी लव हलकेच हलवावी आणि लगेच टिपायला घ्यावे.

टिपण्यासाठी पांढरा, अनेकदा धुतलेला सुती पंचा किंवा टॉवेल सर्वांत चांगला, कारण नवा टॉवेल पाणी नीट शोषत नाही आणि रंगीत टॉवेलचा स्वतःचा रंग उतरू शकतो. त्याची चौपदरी घडी त्या जागेवर ठेवून तीवर उभे राहावे आणि पूर्ण वजन टाकून मनात वीस-पंचवीस अंक मोजावेत. मग टॉवेलची कोरडी बाजू वर आणून पुन्हा तेच करावे. घासू नये, कारण ओल्या लोकरीचे धागे घासल्याने एकमेकांत अडकतात आणि ती जागा नमद्यासारखी घट्ट होते. टॉवेलला ओल लागेनाशी झाली की एक फेरी संपली.

पहिल्या फेरीचा टॉवेल बादलीत पिळून पाहावा. पाणी गढूळ, करडे येते आणि त्यावर बारीक फेस तरंगतो. वरून फारशी घाण न दिसणाऱ्या गालिच्यातूनही असे पाणी निघते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत करडेपणा जातो, पण फेस राहतो, आणि येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पाणी स्वच्छ दिसणे म्हणजे साबण संपणे नव्हे. बाटलीतील फेस हलवताच विरू लागेपर्यंत फेऱ्या कराव्यात. पावडर भरपूर चोळलेल्या जागेला सहा-सात फेऱ्या लागल्या तर आश्चर्य वाटू नये. त्या सर्व एकाच दिवशी करण्याची सक्तीही नाही. तळ भिजू लागला असे वाटल्यास गालिचा पूर्ण वाळू द्यावा आणि उरलेल्या फेऱ्या नंतर कराव्यात. माझ्या मते टफ्टेड गालिच्यासाठी हीच पद्धत योग्य आहे.

पाणी ओढणारा वेट अँड ड्राय प्रकारचा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर काम खूप सोपे होते. त्याचे तोंड लवेवर टेकवून अतिशय सावकाश मागे ओढावे आणि पाणी येणे थांबल्यावरही त्याच पट्ट्यावरून आणखी दोनदा कोरडे फिरवावे. टाकीत फेस साचू लागला की ती लगेच रिकामी करावी, कारण फेस वर चढून मोटरपर्यंत पोहोचला तर यंत्र बिघडते. साधा, कोरड्या कचऱ्याचा व्हॅक्यूम क्लीनर ओल्या गालिच्यावर चालवणे धोक्याचे आहे. त्यात विजेचा झटका बसू शकतो.

व्हिनेगर केव्हा आणि किती

हळदीने सोडा दाखवला असेल तरच व्हिनेगर वापरावे. धुण्याच्या पावडरीचे द्रावण चांगलेच अल्कधर्मी असते आणि लोकर, जी आपल्या केसांसारखीच प्रथिनाची बनलेली असते, अशा द्रावणात कमजोर व निस्तेज होते. सौम्य आम्ल मात्र तिला मानवते. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण चार ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिड असते. एक लिटर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर मिसळावे, साध्या पाण्याच्या दोन-तीन फेऱ्या झाल्यानंतर या मिश्रणाची एक फेरी त्याच पद्धतीने करावी, आणि शेवटी साध्या पाण्याच्या एक-दोन फेऱ्या अवश्य कराव्यात. वास दुसऱ्या दिवशीपर्यंत जातो. ज्या रस्स्याच्या डागाला साबणाने लाली आली होती, तो या फेरीत पुन्हा पिवळा होतो आणि सोडा निघत असल्याचे डोळ्यांना दिसते. ताग असलेल्या गालिच्यावर तपकिरी छटा चढली असेल तर तीही या मिश्रणाने बरीच फिकी पडते. काळे किंवा ॲपल सायडर व्हिनेगर वापरू नये, त्यांचा रंग गालिच्यावर राहतो.

लिंबू आणि खाण्याचा सोडा यांचा सल्ला सर्रास दिला जातो. लिंबाच्या रसात साखर असते आणि ती मागे राहून पुन्हा चिकटपणा आणते, शिवाय काही रंग लिंबाने फिके होतात. खाण्याचा सोडा स्वतःच अल्कधर्मी आहे आणि त्याची बारीक भुकटी लवेच्या मुळाशी बसते, म्हणजे जे काढायचे तेच पुन्हा घातल्यासारखे होते. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून येणाऱ्या फसफसण्याने तर काहीच साधत नाही, कारण दोघे एकमेकांना निकामी करतात. भांडी घासण्याचे द्रव फेसासाठीच बनवलेले असल्याने ते गालिच्यातून निघायला सर्वांत चिवट असते. क्लोरीनच्या ब्लीचने लोकर अक्षरशः विरघळते.

वाळवणे

शेवटच्या फेरीनंतर त्या जागेवर कोरड्या पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवून वर पाट किंवा पुस्तकांचा गठ्ठा ठेवावा आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. पाट आणि टॉवेल यांच्या मध्ये प्लॅस्टिक घालावे, म्हणजे लाकडाचा रंग उतरणार नाही. तळातील ओल वर चढताना उरलासुरला साबण या टॉवेलमध्ये येतो. सकाळी टॉवेलवर फिकट पिवळसर कडे दिसले, तर ते गालिच्यावर न उमटता टॉवेलवर उमटले याचे समाधान मानावे.

त्यानंतर गालिच्याची ती बाजू खालून उचलून, दोन स्टुलांवर किंवा पालथ्या बादल्यांवर टेकवून, वरून व खालून पंख्याची हवा द्यावी. चोवीस तासांत वाळावा असा प्रयत्न करावा. दोन दिवसांहून अधिक ओल राहिली की बुरशीची भीती असते. मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हवेतच इतका दमटपणा असतो की नुसत्या पंख्याने गालिचा वाळत नाही. त्या दिवसांत एसी ड्राय मोडवर लावून, दारे-खिडक्या बंद करून वाळवावा. एसी नसेल तर आणीबाणी वगळता हे काम ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत पुढे ढकललेले बरे, तोवर कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूम पुरे. उन्हात टाकायचा असेल तर उलटा टाकावा, कारण मागे राहिलेली शुभ्रतेची द्रव्ये तीव्र उन्हात पिवळट पडतात आणि गालिच्याचे रंगही विटतात.

लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके पाणी शोषूनही हाताला ओली लागत नाही. म्हणून वरची लव कोरडी लागली तरी लगेच फर्निचर मांडू नये. मागची बाजू गालाला लावून पाहावी, थंड लागली तर ओल शिल्लक आहे. पूर्ण वाळल्यावर लव तिच्या मूळ दिशेने ब्रशने बसवावी, एकदा व्हॅक्यूम फिरवावा आणि फेसाची परीक्षा पुन्हा करावी.

पॉलिप्रॉपिलीनच्या गालिच्यात सगळीकडेच साबण राहिला असेल, तर तो गच्चीवर उताराला अंथरून पाइपने धुणे सोपे पडते. उताराच्या वरच्या टोकाकडून पाणी सोडावे, खराट्याऐवजी खिडक्या पुसायच्या रबरी पट्टीने लवेच्या दिशेने पाणी खाली ओढत न्यावे आणि खालून निघणाऱ्या पाण्यावर फेस दिसेनासा होईपर्यंत हे करत राहावे. नंतर गुंडाळी करून ती तासभर उभी ठेवली की बरेच पाणी निथळते. लोकरीच्या हातविणीच्या मोठ्या गालिच्यावर हा प्रयोग घरी करू नये. भिजल्यावर तो इतका जड होतो की दोघांनाही उचलता येत नाही, आणि ओढताना त्याच्या कडा फाटतात.

पुढच्या वेळी डाग पडला तर निम्मे काम साध्या पाण्याने आणि टिपण्यानेच होते, हे आधी करून पाहावे. तरीही साबण लागलाच, तर एक लिटर कोमट पाण्यात लोकरीसाठीचे द्रव डिटर्जंट अर्धा चहाचा चमचा इतकेच घ्यावे, ते गालिच्यावर न ओतता फडक्यावर घेऊन डागावर टेकवावे, आणि डाग निघाला की त्याच बैठकीत, लव ओली असतानाच, साध्या पाण्याच्या फेऱ्या सुरू कराव्यात. ओला साबण दोन-तीन फेऱ्यांत निघतो. तोच एकदा वाळला की वर सांगितलेले सगळे करावे लागते.